उफराटी वकिली

स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारं सकाळचं ऊन त्या घरात कधी एकदम शिरत नसे. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीआडून ते आधी डोकावे, मग गजांवर येऊन थबके, आणि आपल्याला आत कुणी बोलावलं आहे की नाही याचा अदमास घेत असल्यासारखं बराच वेळ कट्ट्यावर रेंगाळे. तिथून ते ओट्यावर उतरे आणि उपड्या घातलेल्या पातेल्यांच्या बुडांवर एकेक टिकली लावून पुढे सरके. फळीवरच्या बरण्यांतून आरपार जाताना साखरेच्या बरणीत थोडं अडके, मिठाच्या बरणीत थोडं अधिक. तेलाच्या बाटलीत शिरलं की मात्र बाहेर यायला त्याला जड जाई. धाकट्याला या उन्हाचं वेळापत्रक पाठ होतं. सात दहाला बरण्या, साडेसातला टेबलाची डावी कड, पावणेआठला बाबांच्या कपाचा कान. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला अशी खोड लागतेच. उजेड कुठून येतो, कुठे वाकतो आणि कुठे जाऊन गोळा होतो, एवढंच दिवसभर पाहायचं असतं. माणसांकडे पाहण्यापेक्षा ते सोपं असतं, कारण उजेड उलटून आपल्याकडे पाहत नाही.

त्या सकाळी कपाच्या कानाशेजारी दोन अर्ज पडले होते. एक निळा, एक पिवळा. ऊन आधी निळ्यावर आलं. धाकट्याला तो शुभशकुन वाटला, आणि आपला शकुनांवर विश्वास नाही हे त्याने स्वतःला लगोलग बजावलं.

निळा अर्ज भेटीच्या व्हिसाचा होता. सहा महिने राहा आणि मुकाट्याने परत या, असा त्याचा सरळ हिशेब. पिवळा अर्ज कुटुंबासोबतच्या वास्तव्याचा, पाच वर्षांचा. त्यात मेख अशी, की दर वर्षातले निदान नऊ महिने तिथे काढलेच पाहिजेत, नाहीतर व्हिसा बाद. शिवाय एक अर्ज दाखल केला की दुसऱ्या प्रकारासाठी दोन वर्षं थांबावं लागे. व्हिसा-कचेरीतल्या बाईंनी हे तीनदा सांगितलं होतं आणि चौथ्यांदा लिहून दिलं होतं. दाखल करायची वेळ आज अकराची होती.

जाणार होते आई आणि बाबा. परदेशी असलेल्या ताईला जुळ्या मुली झाल्या होत्या. भावोजी जहाजावर इंजिनियर; चार महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी. ताईची रजा संपत आली होती. "एक झोपते तेव्हा दुसरी ड्यूटीवर येते," ताई फोनवर सांगायची, "आणि जाताना ती पहिलीला उठवून चार्ज देऊन जाते." धाकट्याने बरोबर जायचा प्रश्नच नव्हता. चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलाला यातला कुठलाच व्हिसा लागू होत नाही, असं त्याच बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं होतं. त्या चष्म्याची उजवी काच खाचेत नीट बसलेली नाही, एवढंच त्या वेळी धाकट्याच्या लक्षात राहिलं.

या घरात कुठलाही मोठा निर्णय साध्या बोलण्याने होत नसे. त्याला कारण बाबा. बाबा चौतीस वर्षं न्यायालयात कारकून होते. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून दोन्ही बाजूंचं बोलणं उतरवून घेता घेता त्यांची एका गोष्टीविषयी खात्री पटली होती. ज्याला एखादी गोष्ट हवी असते, त्याचं त्या गोष्टीबद्दलचं बोलणं ऐकण्यात अर्थ नसतो; तो तिची आरतीच ओवाळणार. माणूस कळायचा तर त्याला स्वतःच्या विरुद्ध बोलायला लावावं. म्हणून निवृत्तीच्या किती तरी आधीच त्यांनी घरात एक पद्धत घालून दिली होती. आपली इच्छा आधी नोंदवहीत लिहून द्यायची आणि ठरलेल्या दिवशी तिच्या नेमकं विरुद्ध बोलायचं. जो स्वतःच्या इच्छेविरुद्ध सगळ्यांत चांगला बोलेल, त्याच्या इच्छेप्रमाणे निकाल. कारण एखाद्या गोष्टीतले सगळे खाचखळगे ज्याला ठाऊक आहेत आणि तरीही ज्याला ती हवी आहे, त्यालाच ती खऱ्या अर्थाने हवी आहे. आई याला उफराटी वकिली म्हणायची.

बाहेरच्याला हे वेडगळ वाटे, पण घर त्यावर चाललं होतं. मोठा फ्रिज हवा होता तेव्हा आई त्याच्याविरुद्ध अशी बोलली होती की ऐकणाऱ्याने फ्रिजचं तोंड पाहू नये. "फ्रिज मोठा की शिळं जास्त. शिळं जास्त की पोट बिघडलं. म्हणजे डॉक्टर आधी घ्या, फ्रिज नंतर." फ्रिज आला. ताईने लग्न ठरवलं तेव्हा ती भावोजींच्या विरोधात चाळीस मिनिटं बोलली. ते स्वतःच्याच विनोदाला हसतात, जेवताना त्यांचा जबडा वाजतो, रस्ता चुकले तरी कुणाला विचारत नाहीत आणि हा माणूस जहाज चालवतो. बाबांनी तिथल्या तिथे होकार दिला होता. ती यादी पुढे भावोजींच्या हाती लागली. ते म्हणे ती पाकिटात ठेवतात आणि वर्षाकाठी एखादं कलम खोडून घेतात.

तर या व्हिसाची नोंद तीन रविवारांपूर्वी झाली होती. बाबांनी वही उघडली, पेनाचं टोपण मागे लावलं आणि विचारलं, "हं. ज्याने त्याने आपापली इच्छा सांगावी. न्यायासनाला इच्छा नसते, म्हणून मी सोडून. ताई हितसंबंधी आहे, म्हणून तीही सोडून."

"सहा महिने," आई लगेच म्हणाली. "याला इथे टाकून पाच वर्षं जाऊ की काय?"

मग दोघांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या मनात निळा अर्ज होता; निळाच होता; निळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. पण आईचं वाक्य हवेत होतं आणि त्या वाक्यात तो एखाद्या कुंडीसारखा दिसत होता, जिला गावाला जाताना शेजाऱ्यांकडे ठेवतात. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि स्वतःच्याच कानांना परका वाटेल अशा आवाजात म्हणाला, "पाच वर्षांचाच घ्या. माझं काय. मी राहीन की."

बाबांनी लिहिलं आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. मोठेपणाच्या कपड्यांची एक अडचण असते. ते चढवायला सोपे असतात, पण बटणं सगळी पाठीवर.

त्या दिवशी तासाभराने त्याच्या लक्षात आलं, की तसं बिघडलं काहीच नाही. त्याने पाच वर्षं म्हटलं आहे, म्हणजे निकालाच्या दिवशी त्याला सहा महिन्यांच्या बाजूने बोलायचं आहे. तिथे तो वाईट बोलला की हरला. आई जिंकली. आईची नोंद सहा महिन्यांची. निळा अर्ज आपोआप पुढे सरकणार, आणि मोठेपणा अंगावरून एक सुरकुतीही न पडता उतरवून ठेवता येणार. वाईट बोलण्यासाठी त्याला तयारी करायची गरजच नव्हती. ती देणगी उपजत होती. शाळेत स्वागताच्या दोन ओळी म्हणायला उभा राहिला असताना त्याने पाहुण्यांना निरोप दिला होता.

शिवाय, हे तो स्वतःसाठी करतच नव्हता. आईला मुळात जायचंच नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. ताईसाठी आतडं तुटतं म्हणून ती निघाली आहे. तिचा जीव या घरात आहे, या ओट्यात, या बरण्यांत. सहा महिने कसेबसे काढील बिचारी. पाच वर्षं म्हणजे तिला शिक्षाच.

मधल्या तीन आठवड्यांत या दिसण्याला थोडे तडे जातील असं काही ना काही घडत राहिलं, पण धाकटा काचेतला माणूस होता. तडा किती खोल आहे हे बघून तो कडेला ढकलायचं कसब त्याच्यापाशी होतं.

व्हिसाच्या फोटोंचंच घ्या. फोटो त्याने दुकानाच्या मागच्या खोलीत, पांढऱ्या भिंतीसमोर स्वतः काढले. नियम कडक होते: चष्मा नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चेहरा निर्विकार. बाबांचा पहिल्याच फटक्यात जमला. चौतीस वर्षांची सवय. आईचा तीनदा बाद झाला, कारण ती हसत होती.

"हसू नका हो," कचेरीतल्या बाई तिसऱ्या वेळी म्हणाल्या. "व्हिसा आहे."

"मी कुठे हसतेय?" आई म्हणाली, आणि हसली.

"घाबरली की ती हसते," धाकट्याने बाईंना खालच्या आवाजात सांगितलं. त्याला आईची फार दया आली.

मग ते बूट. आईने चालायचे बूट आणले, जाड तळव्यांचे, आणि रोज संध्याकाळी ते घालून ती घरातल्या घरात पंचवीस फेऱ्या मारू लागली. दारापासून गॅलरी, गॅलरीपासून दार. "टाच दुखते म्हणून," तिने सांगितलं. टाच दुखणाऱ्या बाईने पंचविसाव्या फेरीला गुणगुणू नये, पण धाकट्याने तिकडे कानाडोळा केला.

आणि तो दुसरा चष्मा. एके दुपारी ती दुकानात आली आणि म्हणाली, "माझ्या नंबरचा अजून एक कर."

"आहे तो चांगला आहे की."

"फुटला तर?"

"सहा महिन्यांत कशाला फुटतोय?"

"तसं नाही रे, पण जवळ असलेला बरा," असं म्हणून ती फ्रेम निवडायला लागली. तिने तांबडी घेतली. आजवर ती काळ्या फ्रेमपलीकडे कधी गेली नव्हती. धाकट्याने त्या काचा जरा जास्तच मन लावून घासल्या. चाकावर कड धरली की पाण्याचा बारीक फवारा मनगटावर येई आणि काच भिंगरीसारखी कुणकुणे.

पुढच्या खोलीतून दुकानाचे मालक आत आले. ते सत्तरीचे होते आणि समोरच्याचा चष्मा न काढताच त्याचा नंबर ओळखण्याची त्यांना घमेंड होती.

"आई खूश दिसली तुझी," ते म्हणाले.

"वरवर. खरं तर तिला जायचं नाहीये. ताईसाठी जातेय."

"असं ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला पाहिजे? कळतं की."

मालकांनी त्याच्या हातातली काच घेतली, उजेडात धरली, बोटाने कड तपासली. "जवळचं बघायचा चष्मा तूही करून घे एकदा. कारागिराला निम्म्या दरात देतो," असं म्हणून ते खुशीत पुढे निघून गेले. धाकट्याला तो टोमणा कळला, आणि कळला नाही असं त्याने ठरवलं.

तर आता ती सकाळ. कपाचा कान उजळला. बाबांनी अंगात सदरा घातला होता. सुनावणीला ते बनियनवर बसत नसत. आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत होती, कारण सुनावणी असली तरी दुपारचं जेवण टळत नाही. धाकटा मधे बसला होता आणि मनात आपलं वाईट भाषण घोळवत होता. तीन वाक्यं. तिसरं अर्धवट सोडायचं.

"पुकारा झाला असं समजा," बाबा म्हणाले. "आधी आई. नोंद सहा महिन्यांची. तुम्ही पाच वर्षांच्या बाजूने बोलायचं आहे."

"माहीत आहे हो. नवीन आहे का मी इथे?"

"न्यायासनाशी नीट बोलावं."

"बरं, साहेब." आईने एक शेंग फोडली, दाणे ताटात पाडले. "साहेब, मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. परदेशाचे कॉल माझ्याकडे. समोर फळा, फळ्यावर भोकं. एका भोकातली तार दुसऱ्या भोकात लावायची, 'बोला' म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. जगात कुठे किती वाजलेत हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. इथे अंधार असला की पलीकडची ऑपरेटर म्हणायची, आमच्याकडे ऊन पडलंय. मी म्हणायची, असं का, छान. आणि मग सुटी झाली की दोन बस बदलून घरी. माझा सगळ्यांत लांबचा प्रवास तो."

"मुद्द्यावर यावं."

"मुद्दाच चाललाय. सहा महिन्यांत काय होतं, साहेब? पहिला महिना झोप जुळवण्यात जातो. दुसऱ्यात रस्ते कळतात. तिसऱ्यात दुकानदार ओळखायला लागतो. चौथ्यात कुणाशी तरी भांडण होतं. भांडण झाल्याशिवाय गाव आपलं होत नाही. पाचव्यात ते मिटतं. आणि सहाव्यात बॅगा भरा. हे म्हणजे जेवण वाढून झाल्यावर हात धुवायला उठण्यासारखं आहे."

बाबांचं पेन झरझर चाललं होतं. धाकट्याने मान खाली घातली होती. सगळं ठरल्याप्रमाणे होत होतं. आई उत्तम बोलत होती, ती जिंकणार होती, निळा अर्ज जिंकणार होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तो मटाराचं एक रिकामं टरफल बोटांनी बारीक बारीक फाडत होता.

"तिथे घराजवळ एक तळं आहे," आई म्हणाली. "त्याला वळसा घालायला चाळीस मिनिटं लागतात. हे ताईने नाही सांगितलं. मी नकाशावर दोरा लावून मोजलं. वाटेत तीन बाकं आहेत. दुसरं बरं आहे, त्याला पाठ आहे. आणि पोरी. सहा महिन्यांनी आलो परत, तर त्यांच्यासाठी आजी म्हणजे कोण? बॅगेतून निघाली आणि बॅगेत गेली अशी एक बाई. पाच वर्षं राहिले तर त्या मला उलट उत्तरं देतील. मला ती ऐकायची आहेत. आमच्या ताईने दिली होती तेव्हा मला वेळ नव्हता, मी ड्यूटीवर असायची."

"छान," बाबा पुटपुटले, आणि न्यायासनाला शोभत नाही म्हणून खाकरले. "आणखी काही?"

आईने हातातली शेंग खाली ठेवली, दुसरी उचलली. एकतीस वर्षं फळ्यासमोर बसलेल्या बाईला कुठली तार कुठे खुपसली की कुठली घंटा वाजते हे ठाऊक असतं.

"राहता राहिला हा," ती धाकट्याकडे न बघता म्हणाली. "याचं विशेष काही नाही. मजेत राहील. आपली गरज काही याला उरलेली नाही. तसं त्यानेच वहीत लिहून दिलंय."

बाबांनी पान उलटलं. "धाकटे. नोंद पाच वर्षांची. तुम्ही सहा महिन्यांच्या बाजूने."

तीन वाक्यं तयार होती. पहिलं होतं, 'सहा महिने पुरेसे आहेत असं मला वाटतं.' धाकट्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो एकच शब्द.

"मजेत?"

त्याने सवयीने चष्मा काढला, पण पुसला नाही, टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय दोघंही त्याला धूसर दिसू लागले, आणि धूसर माणसांशी बोलणं त्याला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं.

"मला गॅसचा सिलिंडर बदलता येत नाही," तो म्हणाला. "दाराची बेल वाजली की मी आतल्या खोलीत जातो. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या तर काय बोलायचं मला माहीत नाही. आजवर माझ्या वाटचं सगळं तुम्हीच बोलत आलात. मला ताप आला की मला तो कळत नाही, आईला कळतो. मी दुकानात दिवसाला वीस वाक्यं बोलतो, त्यातली बारा काचेविषयीची असतात. संध्याकाळी घरी आलो की आई विचारते, काय झालं आज? मी म्हणतो, काही नाही. रोज म्हणतो. ते काही नाही मी कुणाला सांगायचं?"

शेंगांचा आवाज थांबला होता.

"बाबा सकाळी पेपर मोठ्याने वाचतात. मला त्याचा वैताग येतो. वैताग यायला घरात माणूस लागतं, साहेब. सहा महिने म्हटलं की मला दिसतात. कॅलेंडरची सहा पानं आहेत, एकेक फाडता येतं. पाच वर्षं म्हटलं की साठ पानं. तेवढ्यात भिंतींना एकदा रंग द्यावा लागेल. कुठला द्यायचा ते कोण ठरवणार? एकट्याला उफराटी वकिलीसुद्धा करता येत नाही. विरुद्ध बोलायला आधी समोर कुणीतरी पाहिजे."

तो अजून काही बोलला. नळाच्या गळतीविषयी, आईच्या खोकल्याविषयी, जो रात्री भिंतीपलीकडून ऐकू आला की घर जागेवर आहे याची खात्री पटते. आणि बाबांच्या चपलांविषयी, ज्या नेहमी दारात आडव्या असतात आणि ज्यांना तो रोज अडखळतो. सगळं मिळून सहा-सात मिनिटं झाली असतील. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब भाषण होतं. ते संपल्यावर त्याने चष्मा चाचपला, डोळ्यांवर चढवला, आणि घर पुन्हा स्पष्ट दिसू लागताच आपण काय करून बसलो हे त्याला कळलं.

बाबांनी बराच वेळ लिहिलं. मग सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं, जे न्यायासनाने करू नये, आणि वाचायला घेतलं.

"दोन्ही पक्ष ऐकले. आईचं बोलणं मुद्देसूद आणि भरपूर तयारीचं होतं. दोरा लावून तयारी केल्याचं दिसतं. तथापि, आपल्या नोंदवलेल्या इच्छेविरुद्ध इतक्या कळकळीने बोलणं या घरात ताईच्या लग्नानंतर ऐकलेलं नाही. पाच वर्षांत आपलं काय काय होईल, हे धाकट्याला तपशीलवार माहीत आहे. आणि ते माहीत असूनही आम्ही पाच वर्षं जावं, अशी त्याची लेखी इच्छा आहे. सबब निकाल धाकट्याच्या बाजूने. पिवळा अर्ज भरावा."

धाकट्याने निळ्या अर्जाकडे पाहिलं.

"हरकत असल्यास," बाबा वहीतून मान वर न काढता म्हणाले, "माझा चहा संपेपर्यंत नोंदवावी. उदाहरणार्थ, मूळ नोंदच खरी नव्हती, अशी हरकत चालेल. मग ते भाषण बाद होईल आणि निकाल फिरेल."

त्यांनी कप उचलला. कपात चहाचा थेंब नव्हता. धाकटा त्यांच्या शेजारी बसला होता आणि त्याला कपाचा तळ दिसत होता. तरीही बाबा एकेक घोट घेत राहिले. मधेच थांबून त्यांनी रिकाम्या कपावर फुंकरही घातली.

एकच वाक्य म्हणायचं होतं. मी खोटं लिहून दिलं होतं. ते वाक्य लहान होतं, अडखळण्यासारखं त्यात काही नव्हतं. मोठेपणा जाईल, गेला तर गेला. निळा अर्ज हाताच्या अंतरावर होता. एक वीत सरकवला की सहा पानं, आणि सातव्या पानाला दार उघडून दोघं आत येतील, आडव्या चपला दारात पडतील.

त्याने आईकडे पाहिलं, आपल्या बाजूने एक मत मिळेल या आशेने.

आई त्याच्याकडे पाहत नव्हती. बाबांकडेही नाही. तिच्या हातात मटाराची शेंग होती, तिचा अंगठा शिवणीत अर्धा शिरलेला होता आणि तिथेच थांबला होता. तिने श्वास धरून ठेवला होता. तार लावून झाल्यावर पलीकडे कुणी उचलतंय की नाही, हे ऐकत ती एके काळी अशीच बसत असेल. आणि ती पाहत होती पिवळ्या अर्जाकडे. तिचा चेहरा फोटोसाठी हवा होता तितका निर्विकार होता, आणि तो तसा ठेवायला तिला जे कष्ट पडत होते ते काचा घासणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

बाबांनी आणखी एक घोट घेतला. त्यांना आता खोकला यायला लागला होता.

"हरकत नाही," धाकटा म्हणाला.

शेंग फुटली. दाणे ताटात न पडता टेबलावर घरंगळले, आणि आई ते गोळा करायला इतकी खाली वाकली की तिचं तोंड कुणाला दिसलं नाही.

"साडेआठ वाजून गेले," बाबा कप ठेवत म्हणाले. "लिही आता. माझं अक्षर त्या बाईंना वाचता येत नाही."

धाकट्याने पिवळा अर्ज ओढला आणि काळं पेन घेतलं. त्याचं अक्षर सुरेख होतं. चष्म्यांच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं घालून घालून ते तसं झालं होतं. बाबांचं पान झालं. मग आईचं. नाव, जन्मतारीख, पूर्वीचा व्यवसाय. पूर्वीचा परदेशप्रवास: नाही. तिथे सांभाळणारी व्यक्ती: मुलगी.

"कुणाला सांगू नकोस," आई टेबलाखालून दाणा उचलत म्हणाली, "पण सिलिंडर तुझ्या बाबांनाही बदलता येत नाही. मीच बदलते. दुपारी दाखवते तुला."

"साहेबांचा अवमान होतोय," बाबा म्हणाले.

"होऊ द्या."

धाकटा लिहीत राहिला. अकरावा प्रश्न तोंडी विचारायचा होता आणि उत्तर अर्जदाराच्या शब्दांत लिहायचं होतं. तो त्याने वाचून दाखवला: "हा प्रवास आपण स्वतःच्या इच्छेने करत आहात का?"

"लिही, हो," आई म्हणाली.

ती इतक्या चटकन म्हणाली, की प्रश्नाचा शेवटचा शब्द तिच्या उत्तराखाली दबला.

त्याने पेन टेकवलं. मुलगी अडचणीत आहे म्हणून, कर्तव्य म्हणून, नाइलाज म्हणून, अशी तीन आठवड्यांत जमवलेली सगळी कारणं त्या रिकाम्या ओळीत बसण्याजोगी होती. त्याने त्यातलं एकही लिहिलं नाही. त्याने 'हो' लिहिलं.

आईला जायचं होतं.